अठ्ठावीस दिवसांचा ढीग

शीलाअक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एक लोखंडी सळई गालाला लावून उभी होती.

आमच्या गावाबाहेर बसवकल्याणच्या रस्त्याला लागून पत्र्याची एक लांब शेड आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. घराघरातलं उरलेलं अन्न, हॉटेलांतलं खरकटं, भाजी बाजारातला सडका पाला असा सगळा ओला कचरा त्या शेडमध्ये येतो आणि त्याचं खत होतं. नगरपालिकेला आमच्याकडं पुरसभा म्हणतात. पुरसभेनं हे काम नऊ बायकांच्या एका गटाला दिलं होतं. करार दरवर्षी नवा व्हायचा. गटाची प्रमुख शीलाअक्का. मी पुरसभेच्या आरोग्य विभागात नुकतीच कारकून म्हणून लागले होते आणि शेडची नोंदवही बघायला गेले होते.

छातीइतक्या उंच ढिगात तिनं ती सळई खुपसली होती. थोड्या वेळानं ओढून काढली, आधी मनगटाला लावली, मग गालाला.

"ताप हाय," ती म्हणाली. "चांगला हाय. अजून वर जाऊ दे."

"थर्मामीटर दिलाय ना पुरसभेनं?" मी विचारलं.

"कपाटात हाय म्याडम. पावण्यांना दाखवायला."

तिचं पूर्ण नाव पंचशीला. सही करताना पूर्ण नाव लिहायची, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं. बोलण्यात मात्र सगळ्यांची शीलाअक्का. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटक, उजव्या भुवईत एक जुना व्रण. तिची आई याच गावात रस्ते झाडायची. अक्का दहावीपर्यंत शिकली, लग्नानंतर बरीच वर्षं कलबुर्गीला एका रोपवाटिकेत कामाला होती, आणि नवरा गेल्यावर परत आली. स्वतःबद्दल तिनं मला एवढंच सांगितलं, तेही दोन वर्षांत तुकड्यातुकड्यानं.

कचऱ्याबद्दल मात्र भरभरून बोलायची. गाडी रिकामी होत असताना ती कडेला उभी राहून बघायची आणि गल्लीगल्लीची बातमी सांगायची. या घरात पावणे आलेत, त्या घरात कुणीतरी आजारी हाय, चार दिवस झालं नुसती भाताची पेज फेकायलेत. एकदा एका घरातून सलग तीन दिवस काहीच ओला कचरा आला नाही, तर ती स्वतः जाऊन दार वाजवून आली. आत एकटी म्हातारी तापानं पडली होती.

संध्याकाळी काम संपलं की शेडच्या मागच्या नळावर ती तीनदा साबण लावून हात धुवायची, कोपरापर्यंत. कामाचं लुगडं तिथंच बदलायची आणि धुतलेलं, कडक वाळवलेलं पातळ नेसून घरी जायची. तरीही बसमध्ये शेजारची बाई सरकून बसायची. "वासानं सरकली का आडनावानं, ते मी इचारत न्हाई," असं एकदा म्हणाली होती.

ती निडर होती असं सगळे म्हणायचे. मला तसं वाटत नाही. तिला भीती वाटायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

लग्नसराईचे दिवस होते. गावातल्या एका मोठ्या मंगल कार्यालयाला अक्कानं आठवडाभर आधी बजावलं होतं की दोन वेगळी पिंपं ठेवा, अन्न एकात, प्लास्टिक दुसऱ्यात. मी त्या दिवशी नोंदीसाठी गाडीबरोबर होते. आम्ही गेलो तर भात, वांग्याची भाजी, प्लास्टिकचे चमचे, पाण्याच्या बाटल्या, सगळं एकाच पिंपात कालवलेलं. त्या दिवशी मालकाच्या पुतणीचंच लग्न होतं. गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, जाऊ दे अक्का, उचलू. अक्कानं पिंप मागच्या अंगणात ताडपत्रीवर ओतलं आणि मांडी घालून चमचे वेचायला बसली. तिच्याबरोबर नागम्मा, गटातली तिची जुनी सोबतीण. हात धुवायला येणारे पाहुणे थांबून बघायला लागले.

मालक धावत आला. "अक्का, उठा. पावणे बगायलेत."

"बगू द्या की. त्यांनीच खाल्लंय."

"उठ म्हणतो मी! आज शुभकार्य हाय आमच्या घरात, आन् तुमी लोकं..."

तो तिथंच थांबला. अक्का उठली. हातात खरकट्यानं माखलेले चमचे.

"पुरं बोला मालक," ती हळू आवाजात म्हणाली. "अर्धं कामून सोडलाव? आमी लोकं काय?"

वाढप्याच्या हातातली बादली तशीच राहिली. मालकानं एकदा पाहुण्यांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग त्यानं मान वळवून आपल्या दोन गड्यांना हाक मारली आणि म्हणाला, "चमचे वेचा रे."

दुसऱ्या दिवसापासून तिथं दोन पिंपं आली. पण गाडीत बसल्यावर अक्काला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना. नागम्मानं झाकण उघडून दिलं.

आता त्या ढिगाबद्दल सांगते.

खत तयार झालं की नाही हे ठरवायची तिची एक पद्धत होती. तेलाचे डबे अर्धे कापून प्रत्येक ढिगातलं मूठमूठ खत त्यात भरायचं आणि वर मेथी पेरायची. मेथी एकसारखी हिरवी उगवली तर ढीग तयार. पिवळी पडली, वाकडी आली, तर तो ढीग पुन्हा उलटायचा आणि ठेवून द्यायचा. पंचेचाळीस दिवस आणि वर पंधरा दिवस विसावा, त्याच्या आत ती एक टोपलीसुद्धा बाहेर जाऊ देत नसे. कच्चं खत जमिनीत गेलं की तिथंच तापतं, मुळं भाजतात, कंद कुजतो. हे ती प्रत्येक शेतकऱ्याला सांगायची.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या मुख्याधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांना खतवाटपाचा कार्यक्रम ठरवला. मोठे पाहुणे यायचे होते. तयार खताच्या पिशव्या मोजक्याच होत्या, आणि साहेबांना मंडपासमोर थप्पी हवी होती. शेडमध्ये पुढचा ढीग होता तो अठ्ठावीस दिवसांचा.

साहेबांच्या खोलीत मी फाईल घेऊन उभी होते. साहेब कन्नडमध्ये बोलत होते, अक्का मराठीत उत्तर देत होती. दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं.

"चाळून भरा. वरून काळंच दिसतंय," साहेब म्हणाले.

"वरून काळं हाय साहेब. आत ताप हाय."

"शेतात गेल्यावर थंड होईल."

"न्हाई हुत."

साहेबांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, की करार पुढच्या महिन्यात संपतोय, बाहेरच्या लोकांचे अर्ज आलेत, आणि जे गट सहकार्य करत नाहीत त्यांच्यासाठी मी वर काय बोलू?

अक्कानं खिडकीतून बाहेर बघितलं. व्हरांड्यात गटाच्या बायका बसल्या होत्या. नागम्मा कुणाला तरी काहीतरी सांगून हसवत होती. अक्का "बरं" म्हणाली आणि बाहेर गेली.

पिशव्यांबरोबर एक दाखला लागायचा. त्यात एक रकाना होता, खताची स्थिती. मी त्यात 'परिपक्व' असं लिहिलं. मला माहीत होतं. तिनं त्याखाली सही केली, पंचशीला, एकेक अक्षर वेगळं. सही करताना आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही.

कार्यक्रम झाला. फोटो निघाले. बहुतेकांनी पिशव्या घरी नेऊन टाकून ठेवल्या, त्यामुळं ते वाचले. पण निर्णा गावाच्या वाटेवर शेत असलेल्या माणिकप्पानं सगळ्यात जास्त पिशव्या नेल्या होत्या आणि एकरभर आल्याच्या वाफ्यांत त्या लगेच घातल्या.

त्यानंतरचे दिवस अक्का कशी होती हे नागम्मानं मला नंतर सांगितलं. जेवायची नाही धड. त्या ढिगातलं थोडं खत तिनं डब्यात भरून मेथी पेरली होती आणि रोज उकिडवी बसून बघायची. सहाव्या दिवशी मेथी पिवळी आली. त्याच दिवशी तिनं माणिकप्पाला फोन केला. त्यानं उचलला नाही. तिनं पुन्हा पुन्हा केला. शेवटी उचलून तो म्हणाला, सगळं ठीक हाय, आलं जोरात उगवायलंय, आणि ती काही सांगायच्या आत ठेवून दिला. अक्कानं बस धरून त्याचं घर गाठलं, तर तो सोलापूरला गेला होता. घरच्यांनी काही न ऐकता तिला दारातूनच परत पाठवलं.

पुढच्याच आठवड्यात तो पुरसभेत आला. हातात उपटलेले तीन कोंब. पानांची टोकं जळल्यासारखी, बुडाशी पिवळा, मऊ झालेला कंद. ते त्यानं साहेबांच्या टेबलावर फाईलींवरच ठेवले.

"हे तुमचं खत," तो म्हणाला. "हात लावून बगा."

साहेबांनी हात लावला नाही. पाणी जास्त झालं असेल, बियाणं रोगट असेल, आल्यात असं होतंच, म्हणाले. मग अक्काला बोलावणं गेलं. ती येईपर्यंत माणिकप्पा खुर्चीत बसला नाही, खिडकीकडं पाठ करून उभा राहिला. अक्का दारात आली तेव्हा साहेब आधीच बोलले, "सांगा यांना. आपलं खत तपासून दिलेलं होतं. दाखला आहे."

अक्कानं एक कोंब उचलला, कंद नखानं सोलला, नाकाशी नेला. मी दाराजवळ उभी होते. माझ्या हातात दाखल्याची फाईल होती आणि मला ती खाली ठेवताही येत नव्हती.

"माल कच्चा हुता," अक्का म्हणाली. "अठ्ठावीस दिवसांचा. मला ठाऊक हुतं."

साहेबांनी तिचं नाव घेतलं, पूर्ण नाव, सावध करण्यासाठी. ती त्यांच्याकडं वळली नाही.

"अण्णा," ती माणिकप्पाला म्हणाली, "पाणी द्यायलाव का अजून?"

"रोज द्यायलोय. उन्हाळा हाय. मंग काय वाळवू?"

"आज बंद करा. आत्ता फोन करून बंद करायला सांगा. मी येते."

माणिकप्पा तिच्या अंगावर धावून जातो की काय असं मला वाटलं. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती. "तूच नासवलीस आन् आता तूच येतीस?"

"व्हय. मीच येते."

ती गेली. त्याच दुपारच्या बसनं, नागम्माला घेऊन. मी रविवारी गेले तेव्हा तिचा तिथला तिसरा दिवस होता.

ऊन असं होतं की वाफ्यांमधली माती चपलेतून भाजत होती. अक्का आणि नागम्मा गुडघ्यांवर बसून हातानं, खुरप्याशिवाय, प्रत्येक कोंबाभोवतीचं खत बाजूला काढत होत्या. खुरपं लागलं तर उरलेली मुळंही जातील म्हणून. काढलेलं खत टोपलीत, टोपली बांधापलीकडं. कुजलेला कंद निघाला की वेगळ्या पोत्यात. बुडं उघडी पडली की त्यांना वारा लागू द्यायचा आणि चार दिवस पाण्याचा थेंब नाही.

हे चार दिवस माणिकप्पाच्या पचनी पडत नव्हते. मे महिन्यात उघड्या मुळांना पाणी नाही म्हणजे उरलंसुरलंही जाणार, असं त्याच्या भावकीतला प्रत्येक जण येऊन सांगत होता. शेवटी त्यानं शेत वाटून दिलं. वरचे वाफे तिचे, ती सांगेल तसं. खालचे त्याचे, तो पाणी देणार.

"वरचं जळालं तर?" त्यानं तिला माझ्यासमोर विचारलं.

"तर जळालं म्हणून मीच सांगते सगळ्यांना. तुमाला सांगावं लागणार न्हाई."

दुपारी त्याची आई पाणी घेऊन आली. मला स्टीलच्या पेल्यात दिलं. अक्का आणि नागम्मासाठी तिनं वापरून टाकायचे दोन प्लास्टिकचे पेले आणले होते. अक्कानं ते बघितले, पिशवीतली स्वतःची बाटली काढली, प्यायली आणि पुन्हा वाफ्यावर वाकली. मला माझ्या पेल्यातलं पाणी संपवता येईना.

निघताना मी तिच्याजवळ बसले. पुरसभेनं तिच्याकडून लेखी जबाब मागितला होता.

"अक्का, काय लिहिणार तुम्ही?"

"झालं ते. ढीग कच्चा हुता, साहेबांनी भरा म्हणलं, मी सही केली."

"आणि दाखला?" मी विचारलं.

तिनं एक कोंब दोन बोटांत धरून त्याच्या बुडाची माती झटकली. वर न बघता म्हणाली, "तू लिवलेला शब्द तुझा हाय पोरी. तो मी कामून लिवू?"

म्हणजे ती माझं नाव घेणार नव्हती. सुटले असं मला वाटलं, आणि परतीच्या बसमध्ये त्याचीच लाज वाटत राहिली.

चौथ्या दिवशी वरच्या वाफ्यांतली पानं इतकी माना टाकून होती की माणिकप्पानं मोटर सुरू करायला घेतली. नागम्मा सांगते, अक्का मोटरीच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत, ओरडली नाही. म्हणाली, "आजची सांज. एवढीच." भुवईतल्या व्रणावरून घाम तिच्या डोळ्यात उतरत होता आणि ती तो पुसतही नव्हती. त्यानं हात खाली घेतला.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं स्वतः हलकं पाणी सोडलं. सातव्या दिवशी वरच्या बाजूला बुडातून नवे कोंब दिसायला लागले, सगळीकडं नाही, पण ओळीत दिसतील इतके. खालच्या बाजूला कुजका वास सुटला होता. माणिकप्पानं खालच्या वाफ्यांचं पाणी तोडलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून हातानं खत काढायला लागला. अक्का त्याच्या शेजारच्या ओळीत बसली. खालचे निम्मे वाफे गेले, वरचेही काही गेले. बाकीचं आलं वाचलं.

तोपर्यंत गटाचा करार संपला होता. तो नवा झाला नाही. शेडची किल्ली द्यायला अक्का आली तेव्हा साहेब रजेवर होते. किल्ली मीच घेतली. 'मिळाली' म्हणून मी सही केली, तिनं नीट बघितली आणि गेली. आठ बायका व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांतल्या दोघी तिच्याशी बोलत नव्हत्या. तुझ्या खरं बोलण्यानं आमची चूल गेली, असं एकीनं तिला तोंडावर सुनावलं होतं. अक्कानं ते ऐकून घेतलं होतं.

मी माझा जबाब लिहिला. 'परिपक्व हा शब्द मी माहीत असताना खोटा लिहिला,' एवढं एकच वाक्य. पण ते लिहायला मला तीन आठवडे लागले, आणि तोवर किल्ली माझ्या कपाटात येऊन पडली होती. माझी बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर झाली. शेड नव्या लोकांकडं गेली.

त्यानंतर अक्का मला गावात दिसली नाही. तिचं घर बंद असायचं. नागम्मा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, तिकडं उमरग्याच्या बाजूला एका पंचायतीनं बोलावलंय, चार-पाच गावांचा ओला कचरा एका जागी करायचं काम. कुणी बोलावलं म्हणून विचारलं तर हसली. "माणिकप्पाचा मेव्हणा मेंबर हाय तिथं," म्हणाली. "मी बी जायलेय सोमवारपासून." त्या रुसलेल्या दोघींपैकी एक तिच्याबरोबर जाणार होती. दुसरी नाही.

गेल्या हिवाळ्यात मी उमरग्याला निघाले होते. एका फाट्यावर बस थांबली. पुढं रस्त्याच्या कडेला खताच्या ढिगांसाठी एक नवा ओटा बांधलेला दिसला, अर्धवट, छप्पर नसलेला. त्यासमोर शीलाअक्का एका तरुण ग्रामसेवकाशी बोलत उभी होती. बोलत म्हणजे तो बोलत होता, हातातला कागद तिच्यापुढं धरून, सहीसाठी पेन पुढं करत. ती कागद घेऊन वाचत होती. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. त्यानं घड्याळ बघितलं, काहीतरी म्हणाला. तिनं मान हलवली, नाही अशी, आणि कागद उलटून मागची बाजू वाचायला घेतली.

मी खिडकीची काच सरकवायला गेले. ती अडकलेली होती. काच सरकेपर्यंत बस हलली. मागं वळून बघितलं तेव्हा ग्रामसेवकानं पेन खिशात परत ठेवलं होतं, आणि अक्का अजून वाचत होती.